बिनदुधाची खीर

मैनाला मी दुसऱ्यांदा वजनकाट्यावर उभं केलं. काटा पुन्हा त्रेचाळीसवरच थांबला.

"मावशी, हिला सहावा महिना सरत आला," मी म्हणाले. "मागच्या खेपेला त्रेचाळीस होतं, आजही त्रेचाळीस. ही खाते ना नीट?"

गिरजाबाई, म्हणजे मैनाच्या सासूबाई, एकदम उसळल्या. "काय बोलायलाव बाई? रोज सकाळी शेळीची धार काढून तांब्याभर दूध देते मी तिला, माज्या हातानं. माज्या पोरीला बी न्हाई दिलं कदी इतकं."

मैना मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

मी तेव्हा मुख्यसेविका होते. पंधरा-वीस अंगणवाड्यांवर देखरेख करायची, लेकरांची आणि गरोदर बायकांची वजनं तपासायची, आहार सांगायचा आणि महिन्याअखेर त्या सगळ्याचा रिपोर्ट द्यायचा, असं काम. गृहविज्ञान शिकून नुकतीच नोकरीला लागले होते. गंगाखेडला भाड्याची खोली होती. सकाळच्या एसटीनं राणीसावरगावपर्यंत यायचं आणि तिथून पुढं वाड्या-वस्त्यांवर पायी जायचं. वजनकाटा पिशवीत घालून खांद्यावर. तो काटा माझ्याहून जास्त लोकांच्या ओळखीचा होता.

गिरजाबाईंची वस्ती मेंढपाळांची. चार घरं, मागे काट्यांच्या कुंपणाचा वाडगा, त्यात मेंढरं आणि पाच-सहा शेळ्या. थोडी कोरडवाहू जमीनही होती. मैनाचा नवरा बहुतेक दिवस मेंढरं घेऊन बाहेरच असायचा. मैनाचं हे पहिलंच बाळंतपण.

शेवटच्या तीन महिन्यांत गरोदर बाईचं वजन महिन्याला किलो-दीड किलोनं तरी वाढावं, अशी आमची अपेक्षा असते. वाढलं नाही तर केस 'जोखमीची' म्हणून चार्टवर लाल पेनानं खूण करायची आणि आठ दिवसांत पुन्हा भेट द्यायची. मी लाल खूण केली. जाताना मैनाला मागच्या खेपांसारखंच म्हणाले, "दूध चुकवू नकोस. नाही प्यालीस तर लेकरू बारीक राहील." हे वाक्य मी त्या वर्षी शंभर बायकांना सांगितलं असेल.

आठ दिवसांनी गेले तेव्हा पहिल्याच गाडीनं गेले. ऊन चढायच्या आत परत फिरायचं होतं. वस्तीजवळ आले तर वाडग्याच्या मागच्या बाजूला मैना उकिडवी बसलेली दिसली. तिच्या हातात पितळी तांब्या होता आणि एक पांढरं कोकरू त्यात तोंड खुपसून दूध पीत होतं. मी तशीच उभी राहिले. कोकरानं तांब्या चाटून साफ केला, तेव्हा मैनानं वर पाहिलं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बाई, आत्याबाईला सांगू नका," ती हळूच म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"कधीपासून चाललंय हे?"

"दोन महिने झाले. ह्याची माय मेलीय. भुकेलं ऱ्हातं बिचारं."

"अगं, ते ठीक आहे. पण तू का पीत नाहीस?"

"पेलं की पोटात मरोड येतो. दोन डाव रानात जावं लागतं. ताकाचा वास आला तरी उमळतं. दिस गेल्यापासून असंच हाय."

"मग सासूबाईंना सांगायचं ना."

"कसं सांगू? मेंढरा-शेळ्यांच्या घरात नांदायला आले आन दूध पचंना म्हनू? लोक हसतील. माज्या माहेराला नाव ठेवतील." मग म्हणाली, "आन तुमीच म्हनलाव की, दूध न्हाई पेलं तर लेकरू बारीक ऱ्हातं. मला रोज रडू येतं बाई. पेलं तर पोट जातं, न्हाई पेलं तर लेकरू."

दोन महिने ही पोर त्या भीतीत होती आणि ती भीती मी घातली होती.

त्याच दिवशी मैनाला आरोग्य केंद्रात नेलं. गिरजाबाईंना सांगितलं, रक्त तपासायचंय. डॉक्टरबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "काहींना मोठेपणी दुधातली साखर पचत नाही," त्या म्हणाल्या. "तो काही रोग नाही आणि कुणाचा दोषही नाही. दूध-ताक सगळं बंद करा. मी लिहून देते." रक्त थोडं कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. डाळ, पालेभाजी वाढवायला सांगितली. "पण एवढ्यानं भागणार नाही. दुधाच्या जागी काहीतरी द्यावं लागेल. ते तुम्ही बघा, तुमचा विषय आहे."

विषय माझा होता खरा. पण आमच्या प्रशिक्षणात पौष्टिक पदार्थांच्या यादीत दर दुसऱ्या ओळीला दूध होतं. मैनाला उन्हाळ्यानं जेवण जात नव्हतं. शेंगदाण्यानं छातीत जळजळायचं. तिला हवं होतं गार, मऊ, थोडं थोडं खाता येईल असं. आणखी एक अडचण होती. गिरजाबाईंचा रोजचा तांब्या बंद करायचा तर त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं. नाहीतर त्या पुन्हा दुधावरच आल्या असत्या.

गंगाखेडला गोदावरीच्या पात्रात उन्हाळ्यात वाळूत वेलवाड्या असतात. टरबुजं, खरबुजं तिथूनच गावोगाव जातात. आमच्या गल्लीतल्या बायका खरबुजाच्या बिया धुऊन गच्चीवर वाळत घालायच्या. ते पाहून मला सुचलं. सोललेल्या बियांना आमच्याकडं मगज म्हणतात. मिठाईवाले बर्फीवर लावतात ते तेच. मगजात प्रोटीन चांगलं असतं. भिजवून पाण्याबरोबर वाटला की दुधासारखा पांढराशुभ्र रस निघतो.

पहिल्या दिवशी तो रस मी गूळ घालून स्टोव्हवर उकळला. फाटला. वर पाणी, खाली चुरा. दुसऱ्या दिवशी न उकळता त्यात केळं कुस्करलं. चव छान आली, पण दोन तासांत केळं काळं पडलं. मैनाला तर दिवसभर पुरवून खायचं होतं. तिसऱ्या दिवशी केळं कुस्करताना लिंबाचे चार थेंब घातले, खरबुजाच्या बारीक फोडी घातल्या. रंग टिकला, पण पातळ झालं. चमच्यानं खाण्यासारखं नव्हतं. शेवटी बाजारातल्या अत्ताराच्या दुकानातून सब्जा आणला. सरबतात घालतात ते काळे बारीक बी. चमचाभर सब्जा पाण्यात भिजवला की फुगून बुळबुळीत होतो. तो मिसळून भांड्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि माठाशेजारी ठेवलं. तासाभरात छान दाटसर, गार खीर झाली. सब्जा चालेल का, हे डॉक्टरबाईंना विचारून घेतलं. "चमचाभर चालेल, नीट फुगू द्या," त्या म्हणाल्या.

मधल्या काळात ऑफिसची मासिक मीटिंग झाली. साहेब माझी डायरी वाचत होते.

"दूध बंद? मॅडम, गाइडलाइनमध्ये दूध लिहिलंय."

"तिला पचत नाही, साहेब. डॉक्टरांचं लिहून आणलंय."

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "आणि त्याऐवजी खरबुजाच्या बिया? वर काय कळवू मी?"

"महिनाभर थांबा साहेब. वजन कळवू."

"नाही वाढलं तर? जोखमीची केस आहे. उत्तर तुम्हाला द्यावं लागेल."

"देईन," मी म्हणाले. आवाज ठाम निघाला, पण बाहेर येऊन मी आधी तांब्याभर पाणी प्याले.

मग एका सकाळी सगळं सामान घेऊन वस्तीवर गेले. अंगणवाडीच्या शांताबाई सोबत होत्या. आहाराचं प्रात्यक्षिक म्हणजे आमच्या भाषेत डेमो. गिरजाबाईंच्या ओसरीतच मांडलं. त्या समोर बसून एकेक वस्तू तपासत होत्या.

"पपई न्हाई ना त्यात?"

"नाही."

"तीळ? तीळ गरम पडत्यात."

"नाहीत मावशी."

त्यांनी केळ्यांची फणी उचलून फिरवून पाहिली. एक जुळं केळं होतं, ते तोडून शांताबाईंच्या हातात दिलं. "ह्ये तुमी खा. आमाला एकच लेकरू बास हाय."

सगळे हसलो. मैनासुद्धा. मला वाटलं, हीच वेळ चांगली आहे.

"मावशी, डॉक्टरबाईंनी मैनाचं दूध बंद केलंय. तिला ते सोसत नाही. कित्येकांना सोसत नाही, त्यात तिचा दोष नाही."

गिरजाबाईंचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "आन मी देत व्हते ते दूध कुठं गेलं?"

मैनानं वाडग्याकडं पाहिलं. तिथं ते पांढरं कोकरू कुंपणाला अंग घासत उभं होतं. त्याच्या वयाच्या दुसऱ्या कोकरांपेक्षा ते चांगलं दीडपट दिसत होतं.

गिरजाबाईंनी कोकराकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. "तरीच," त्या म्हणाल्या. "बिनमायचं पिल्लू इतकं गुबगुबीत कसं म्हनून मी रोज इचार करायले."

मैना रडायलाच लागली. "चुकलं आत्याबाई."

मला वाटलं होतं, आता आवाज चढेल. पण गिरजाबाई उठल्या, सुनेजवळ जाऊन बसल्या आणि पदरानं तिचं तोंड पुसलं. "मला सांगायचं की माय. मी काय वाघीन हाय का? दूध पेलं की तुज्या पोटात कळा उठंत व्हत्या आन मी आपली तांब्या घिऊन मागं लागायले." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चला बाई, दाखवा तुमची खीर. कसं करायचं ते मला नीट सांगा. हिला मीच करून देनार."

मी आदल्या दिवशी भिजवलेला मूठभर मगज काढला. गिरजाबाईंनी तो माझ्या हातून घेतला आणि पाट्यावर स्वतःच वाटला. मी फडक्यातून गाळायला निघाले तर त्यांनी हात धरला.

"चोथा कामून टाकायचा? त्यातच तर जीव हाय."

खरंच होतं ते. कॉलेजात गाळायला शिकवलं होतं म्हणून मी गाळत होते. आम्ही चोथ्यासकट सगळं घातलं. दोन केळी, वाटीभर खरबूज, लिंबू, गुळाचा खडा किसून, भिजलेला सब्जा आणि गिरजाबाईंच्या डब्यातली एक वेलची. तासाभरानं मैनानं वाटी हातात घेतली. पहिला चमचा घाबरत घाबरत खाल्ला. वाटी संपवली आणि पुन्हा पुढं केली.

"ह्ये दूध न्हाई तर पांढरं कसं?" असं विचारत गिरजाबाईंनीही चव घेतली. "गोड हाय. पर मीठ पायजे चिमूटभर." मीठ घातलं. खीर आणखी चांगली झाली.

पंधरा दिवसांनी मी परत जाणार होते. पण त्या आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसटी डेपोतून निघालीच नाही. बंद उठला तर पुढं दोन मीटिंगा आल्या. मला रोज वाटायचं, खरबुजं संपली असतील, गिरजाबाईंचा उत्साह संपला असेल, पुन्हा तांब्या सुरू झाला असेल. शेवटी महिना होत आला तेव्हा जायला मिळालं.

वस्तीवर पोचले तर ओसरीत तीन बायका बसून बिया सोलत होत्या. गिरजाबाई मधोमध. शेजारच्या दोन घरांतूनही बिया गोळा करून त्यांनी पत्र्याचा डबा भरला होता. खरबुजाच्या संपतील म्हणून लाल भोपळ्याच्याही वाळवून ठेवल्या होत्या.

मैना काट्यावर उभी राहिली. मी वाकून पाहिलं. काटा हलला, डोलला आणि पंचेचाळीसच्या जरा पुढं थांबला. मी तिला खाली उतरवून काटा शून्यावर आहे का ते तपासलं आणि पुन्हा उभं केलं. तेवढाच.

"किती?" गिरजाबाईंनी विचारलं.

"दोन किलो वाढलं, मावशी."

"मंग लिहा की! बगत काय बसलाव?"

मी लिहिलं. लाल खुणेशेजारी निळ्या पेनानं. मला इतका आनंद झाला होता की आकडा वाकडा आला.

आषाढात मैनाला मुलगी झाली. पावणेतीन किलोची, खणखणीत रडणारी. मैनाच्या अंगावर दूधही भरपूर आलं. साहेबांनी माझा रिपोर्ट 'स्थानिक आहाराचा यशस्वी उपक्रम' या मथळ्याखाली वर पाठवला. त्यात माझं नाव नव्हतं, गिरजाबाईंचं तर नव्हतंच. पण पुढच्या उन्हाळ्यात पालमकडच्या सगळ्या अंगणवाड्यांत मला त्या खिरीचे डेमो करायला सांगितलं गेलं. मी चोथा न गाळता आणि मीठ घालून शिकवत गेले.

आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असायचा, 'दूध घेते का?' त्याचं उत्तर बहुतेक घरांत सासूच द्यायची आणि मी 'होय' लिहून पुढच्या घरी जायची. त्यानंतर नोकरीच्या उरलेल्या सगळ्या वर्षांत मी हा प्रश्न बाईला एकटीला गाठून विचारला. आणि फॉर्ममध्ये रकाना नसला तरी पुढचाही विचारला, "पचतं का?"