टिकाराम फिटरची उताणी गाडी

“पोटाच्या पल्याड मले काईच दिसत नव्हतं जी. उताणा पडलो होतो, पाय समोर, डोस्क्यावर हेल्मेट, गुडघ्यावर नागऱ्याच्या महादेवापुढच्या नारळाच्या करवंट्या. गाडी तं सुटली. आता रस्ता कुठं जाऊन राहिला हे पाहाले मान उचलली, तं मधात पोट. माहंच पोट मले आडवं आलं.”

“रस्ता कुठंच जात नव्हता,” बकाराम म्हणाला. “तू जाऊन राहिला होतास. माह्या धानात.”

सोमवारची सकाळ होती. मुर्री गावाच्या बाजूला केशोराव सेठची राईस मिल आहे, तिथं मी दोन पोते धान भरडायला नेलं होतं. मशीन बंद होती. टिकाराम फिटर तिचं झाकण काढून आत कोपरापर्यंत हात घालून बसला होता. त्याच्या शेजारचा शेतकरी बकाराम आपल्या अर्ध्या पोत्यावर बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. नंबर आधी माझा होता, पण टिकाराम म्हणाला, आज या माणसाचं पहिले. काऊन, म्हणून विचारलं, तेव्हा ही कथा सुरू झाली.

टिकाराम या मिलमध्ये चोवीस वर्षांपासून फिटर आहे. वय सत्तेचाळीस. वजन ब्याण्णव किलो, तेही मिलच्या काट्यावर केलेलं, म्हणजे भरवशाचं. कुठली मशीन कशानं कुरकुरते हे तो नुसता कान लावून सांगतो, पण स्वतःच्या दोन पायांचा मेळ त्याला आजवर बसवता आला नाही. सायकल शिकताना तो गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, गेला, तेही बोडी रस्त्यापासून पन्नास पावलं दूर असताना. लग्नात घोडीवर बसवलं, तर घोडीवाल्यानं दोन्ही बाजूंनी दोन दोन माणसं धरायला लावली. हे सगळं तोच सांगतो. त्याची टिंगल करायला कोणी बसलं, तर त्या माणसासाठी काही उरलेलंच नसते.

त्याची पोरगी दामिनी गोंदियाच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची एक मैत्रीण आहे नीतू, शहरातल्या कापड दुकानदाराची पोरगी. नीतूजवळ स्केटबोर्ड आहे, म्हणजे खाली चार चाकं लावलेली हातभर फळी, जिच्यावर उभं राहून पळायचं असते. दोन वर्षं दामिनी नीतूच्याच फळीवर शिकली. आता ती आपल्यापेक्षा बरी चालवते, असं नीतूच सांगते. काल, रविवारी, नागपूरला पोरापोरींची एक खुली स्पर्धा होती. तिथं ज्याची त्याची फळी, ज्याचं त्याचं हेल्मेट, गुडघ्याचे पॅड ज्याचे त्यानं आणायचे. नीतू स्वतःच उतरणार होती, तेव्हा मागायची सोय नव्हती. महिनाभर आधी दामिनीनं मोबाईलवर बापाला नव्या फळीची किंमत दाखवली. टिकारामनं मोबाईल उलटा धरून पाहिला, मग सरळ धरून पाहिला. किंमत तेवढीच राहिली.

“मी म्हनलो, हे काय आहे? एक फळी, चार चाकं, आठ बेरिंगा. माहा जनम बेरिंगात गेला, हे मी बसल्या बसल्या बनवतो. निघून गेलं जी तोंडातून. माह्या तोंडालेच ब्रेक नाई, तं गाडीले कुठून येईन?”

हे त्याची बायको रुख्मा ऐकून राहिली होती. रुख्मा फार बोलत नाही. नवऱ्यानं बनवलेला कूलर तिनं पाहिला होता, ज्यानं घरात वारा कमी अन् पाणी जास्त आलं होतं. तिनं तिथल्या तिथं एक अट घातली. “जे बनवान, त्याच्यावर तुमी बसा आधी. कालव्याच्या पुलावरून खाली येऊन दाखवा. आंगावर एक खरचटा दिसला तं पोरगी नागपूरले जात नाई, अन् फळी चुलीत जाते.”

टिकाराम हाव म्हणाला. दामिनी म्हणे त्या वेळी बापाच्या पोटाकडं पाहून मान खाली घालून बसली.

मग सामान जमवणं सुरू झालं. बकऱ्यांच्या कोठ्याचं जुनं सागाचं दार निघालं, त्यातून एक चांगली फळी कापली. कबाड्याकडून बिघडलेल्या ड्रिल मशिनी आणून त्यांतल्या लहान बेरिंगा काढल्या. फळी वळली पाहिजे, म्हणून आसाखाली दाबणारं रबर लागते. मोटर आणि मशीन जोडणाऱ्या कपलिंगमध्ये रबराचा चांदणीसारखा तुकडा असतो, तो तिथं बरोबर बसला. आसाची जाडी मात्र दामिनीनं नीतूच्या फळीवरून मोजून कागदावर लिहून दिली होती आणि बजावलं होतं, की याच्यात आपली अक्कल लावू नका. तेवढं त्यानं ऐकलं. मशीनच्या जुन्या पट्ट्याचा खरखरीत तुकडा फळीवर चिकटवला, पाय घसरू नये म्हणून. हेल्मेट मोटरसायकलचं जुनं होतं, पण गुडघ्याच्या पॅडसाठी तो नागऱ्याच्या देवळात गेला. तिथं रोज नारळ फुटतात. दोन मोठ्या करवंट्या निवडून आणल्या, आत जुन्या चपलेचा स्पंज चिकटवला आणि सायकलच्या ट्यूबचे पट्टे लावले. त्या बांधून चालला की टक टक वाजे. रुख्मा म्हणाली, घरात घोडा आला.

राहिली चाकं. पहिले त्यानं बाभळीच्या लाकडाची चाकं कातून काढली. मिलच्या आवारात ती एकदा फिरवली, तर त्या खडखडाटानं कोंड्याच्या ढिगावरची सारी पाखरं उडाली अन् दोन दिवस परत आली नाहीत. मग त्याची नजर झिजलेल्या रबर रोलवर गेली. धान सोलायच्या मशीनमध्ये असे दोन रोल असतात. एक जोरात फिरतो, एक सावकाश. त्यांच्या मधातून दाणा घसटत गेला, की त्याचं टरफल निघून येते. रबर झिजलं की रोल फेकायचा, पण फेकलेल्या रोलवरही बोटभर रबर असते. टिकारामनं ते सोलून काढलं, बेरिंगांवर चढवून चाकं केली, अन् उरलेलं आपल्या जुन्या बुटांच्या तळाला ठोकलं, ब्रेक म्हणून. दामिनी म्हणाली, बाबा, हे रबर नरम आहे, सिमेंटवर टिकणार नाही. टिकाराम म्हणाला, पोरी, हे रबर मी तुह्या जन्माच्या आधीपासून ओळखतो.

“ओळखत तं होतो जी,” तो मशीनमधून हात काढत म्हणाला. “रबर कायच्या कामाचं आहे, हेच तेवढं ध्यानात नाई आलं.”

फळीवर उभं राहायचा प्रयत्न त्यानं तीन दिवस केला. बाजूला रिकाम्या पोत्यांची थप्पी लावून. पहिल्या दिवशी पोत्यांवर पडला, दुसऱ्या दिवशी पोते सोडून पडला, तिसऱ्या दिवशी फळी एकटीच गेली. तेव्हा दामिनीनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातले लोक लांब फळीवर उताणे झोपून, पाय पुढं करून डोंगराचा रस्ता उतरत होते. याला स्ट्रीट लूज म्हणतात, असं ती म्हणाली. झोपून खेळायचा खेळ असतो, हे टिकारामला पहिल्यांदा समजलं. आपण सत्तेचाळीस वर्षं चुकीच्या खेळांत घालवली, असं त्याला वाटलं. त्यानं दामिनीच्या फळीचे आस, चाकं सगळं काढून कोठ्याच्या उरलेल्या दाराखाली बसवलं. रुख्मानं मंजूर केलं. फळीनं माणूस मरत नाही, चाकांनी मरते, असा तिचा हिशेब.

आता उतार पाहिजे. आपल्याकडं जमीन सुपासारखी सपाट. नागझिऱ्याच्या जंगलाकडं चढउतार आहेत, पण तिथं वाघ. “उताणा माणूस अन् तोही ब्याण्णव किलोचा, सरकत सरकत आपल्याकडे येते म्हनल्यावर वाघाले वाटन, ताट वाढलं.” म्हणून कालव्याचा पूलच बरा. नवा सिमेंटचा रस्ता, दोनशे पावलांचा उतार, मधात एक वळण. वळणावर दोन्ही बाजूंनी बेशरमाची झुडपं.

शुक्रवारी संध्याकाळी टिकारामनं तो सगळा उतार स्वतः खराट्यानं झाडला. एक खडा ठेवला नाही. इथं त्यानं खरी चूक केली. धान कापणीचे दिवस. आमच्याकडं या दिवसांत सिमेंटचा रस्ता म्हणजे अर्धा रस्ता अन् अर्धं खळं. जिथं कोरडी, स्वच्छ जागा दिसली तिथं माणूस धान वाळू घालते. झाडलेला रस्ता दिसला, तर विचारायलाही थांबत नाही.

“मी सकारी आलो,” बकाराम म्हणाला, “तं रस्ता आरशावानी. म्या म्हनलं, ग्रामपंचायत सुधरली.”

त्यानं वळणाच्या खाली आपलं धान पसरलं आणि छत्री लावून बसला. टिकाराम दुसऱ्या बाजूनं, पुलाच्या वरून आला. झुडपांमुळं खालचं काही दिसत नव्हतं. दामिनीनं वरून गाडी सोडली. रुख्मा खालून येत होती. तिनं आधी धान पाहिलं, मग नवऱ्याला पाहिलं, अन् पदर सोडून दोन्ही हात हलवायला लागली. टिकारामला पोटाच्या वरून फक्त ते हात दिसले.

“इतक्या वर्षांत बायको पहिल्या खेपेला हात हलवून बोलावून राहिली होती. मी ब्रेक कायले मारू?”

ब्रेक त्यानं धानात शिरल्यावर मारला. दोन्ही पाय खाली दाबले, गाडी आडवी झाली, दीड गिरकी घेतली आणि बकारामच्या छत्रीच्या दांड्याला लागून थांबली. धानानंच थांबवली. मग बकाराम उठला, गाडी गेली होती तिथं वाकला आणि मूठभर उचलून पाहिलं. गाडीच्या मागं रस्त्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. चाकांनी अन् बुटांनी घसटत घसटत धान सोललं होतं. अर्धे तांदूळ, अर्ध्या कण्या. ज्या कामाचं रबर, ते काम त्यानं करून टाकलं होतं.

बकारामचं धान खरेदी केंद्रावर जायचं होतं, तिथं सोललेलं घेत नाहीत. पण टिकारामचं लक्ष तिकडं नव्हतं. वरून दामिनी धावत आली होती आणि दम खात बापाच्या अंगाकडं पाहत होती. उद्या नागपूर. एक खरचटा, की संपलं.

रुख्मानं त्याला उभं केलं आणि बाजारात वांगं पाहावं तसं फिरवून फिरवून पाहिलं. हेल्मेटला चरा. डोकं साबूत. पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली, एक करवंटी तडकलेली, आत गुडघे कोरे. टिकारामनं उजवा हात मागं नेला. उताण्या माणसाचं कोपर कुठं लागणार, असं म्हणून कोपरासाठी त्यानं काही बनवलंच नव्हतं. रुख्मानं हात ओढून पुढं घेतला. कोपर बोटभर सोललं होतं. काल मिलमध्ये लागलं, असं तो म्हणाला. रुख्मानं त्या ओल्या रक्तात चिकटलेलं धानाचं टरफल नखानं काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

“मी पोरीकडं पाहिलंच नाई,” टिकाराम म्हणाला. पहिल्यांदा तो हसत नव्हता. “महिनाभराचं काम, अन् शेवटी मीच तिची फळी चुलीत घातली, असं वाटलं.”

रुख्मा खाली बसली. तिनं तडकलेली करवंटी हातात घेऊन उलटीपालटी केली, आतला स्पंज दाबून पाहिला. मग म्हणाली, “जिथं करवंटी होती तिथं काई नाई झालं. जिथं नव्हती तिथं सोललं. तुमच्यावानी माणसाले वाचवलं, तं हिले वाचवन. कोपराच्या दोन बनवा. तडकली ती बदला. अन् या बाप्पाचं धान बिघडवलं, त्याचं पाहा आधी.”

बकारामनं जास्त ताणलं नाही. चाकांखाली आलेलं धान वेगळं काढलं, ते अर्धं पोतं भरलं. त्याचा तांदूळ टिकारामनं फुकट काढून द्यायचा, असं ठरलं.

दुपारी नागऱ्याला नवऱ्यासोबत रुख्मा स्वतः गेली आणि करवंट्या तिनं निवडल्या. संध्याकाळी टिकाराम आस परत दामिनीच्या फळीला बसवत होता. चाकांचं रबर पार चिंध्या झालं होतं. आता चाकं कुठून आणावी, या विचारात तो असताना दामिनीनं बॅगेतून चार चाकं काढून समोर ठेवली. नीतूची जुनी. आसावर ती बरोबर बसली, कारण माप त्यांचंच होतं. ती बॅगेत केव्हापासून आहेत, हे त्यानं विचारलं नाही. महिनाभरापासून असतील, हे त्याला कळलं.

“मंग नागपूरले काय झालं?” मी विचारलं.

“दुसऱ्या फेरीत पडली जी. कोपरावर. उठून परत चालवली. अठ्ठावीस जनांत अकरावी.” तो नवा रोल दोन्ही हातांनी उचलून मशीनमध्ये बसवत होता. “फोटो मात्र करवंट्यांचे निघाले. दोन पोरं पत्ता विचारून राहिले होते, कोन्या कंपनीच्या आहेत म्हनून.”

“मंग? काय सांगतलं तिनं?”

“बाबा बनवते म्हनून सांगतलं.” त्यानं बोल्ट आवळला, परत थोडा जास्त आवळला.

झिजलेला रोल त्यानं भंगाराच्या ढिगात टाकला नाही, बाकाखाली सरकवून ठेवला. बकारामनं ते पाहिलं. “तो कायले ठेवून राहिला गा? माह्या धानावरून आनखी जायाचं आहे का?”

टिकारामनं पट्टा हातानं दोनदा फिरवून पाहिला, कान लावला, बटण दाबलं. मशीन गुरगुरली आणि मग एकसारखी चालू लागली. “पोतं रिकामं करा जी,” तो बकारामला म्हणाला. “अन् तुमी, भाऊ, आपले पोते समोर घ्या. याच्यामागं नंबर तुमचाच आहे.”