उसन्या खुर्च्या

"तुमच्या मुलीच्या हृदयाची एक झडप आकसलीय," असं डॉक्टर म्हणाले आणि माझ्या तोंडून निघालं, "पण तिचे तर गुडघे दुखत होते." पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातली ती खोली. सुजाता पलंगावर बसून फ्रॉकची बटणं लावत होती. अकरा वर्षांची होती तेव्हा.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. रुमॅटिक हार्ट डिसीज. म्हणजे घशाच्या दुखण्यामागून ताप येतो, सांधे धरतात आणि हळूहळू हृदयाची झडप खराब होते. सांधे बरे होतात, झडप होत नाही. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे सुजले होते, तेव्हा 'वाढीचं वय आहे' म्हणत मी तेल चोळत बसले होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या घरात असं झालं तर तेलाची बाटली ठेवा बाजूला आणि आधी डॉक्टरला दाखवा.

मी तेव्हा शिरूरला माडीवरच्या एका भाड्याच्या खोलीत राहायचे. रांजणगावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायचे. नवरा सात वर्षांपूर्वी दौंडला कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. मी मात्र मंगळसूत्र घालून फिरायचे. कोणी विचारलं की "बाहेरगावी असतात" म्हणायचे. सुजातालाही हेच सांगितलं होतं.

मग तपासण्या सुरू झाल्या. टू-डी एको म्हणजे छातीवर गार जेली लावून पडद्यावर हृदय बघतात. त्याची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. दर खेपेला पहाटेची एसटी, दुपारपर्यंत बाकडं, कामावर खाडा. थकवा इतका की घरी आल्यावर चूल पेटवायलाही हात उचलत नसे. डॉक्टर म्हणाले, "बलून करू. मांडीच्या शिरेतून नळी घालून फुग्यानं झडप उघडायची, छाती फाडायची गरज नाही. पण फार दिवस घालवू नका."

खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. दवाखान्यातल्या समाजसेविका मॅडमनी एका संस्थेचा अर्ज दिला. एकट्या बायकांना, अडलेल्या घरांना ही संस्था मदत करायची. अर्जात 'वडील काय करतात' असा रकाना होता. मी सवयीनं लिहिलं, 'बाहेरगावी नोकरी'. मॅडम म्हणाल्या, "संस्थेच्या ताई एकदा घरी येऊन परिस्थिती बघतील."

हे शेजारच्या पारूकाकूंना कळलं मात्र, त्यांनी पदर खोचला. "पुण्याचं पाहुणं येत्यात आन् घरात बसाया खुर्ची न्हाई? झाकली मूठ सव्वा लाखाची असती, कमल." मलाही ते पटलं. पाहुण्यांपुढे घराची लाज काढायची नाही, हे आम्हाला बाळकडूच. चार खुर्च्या काकूंच्या, कपबश्या दुकानवाल्यांच्या, टीव्ही खालच्या मास्तरांचा. भिंतीला चुना दिला. सुजाताला काकूंच्या नातीचा नवा ड्रेस घातला.

ताई आल्या. पोहे खाल्ले, टीव्हीकडे पाहिलं, "मिस्टर कधी येतात?" विचारलं. मी म्हटलं, "सणासुदीला." त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्या गेल्यावर आम्ही दोघी खूश. काकू म्हणाल्या, "बघ, कसं झकास झालं."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. कुटुंबाची परिस्थिती ठीक असून वडील नोकरीत आहेत, सबब मदत देता येत नाही.

त्याच दिवशी शाळेतून येताना सुजाता जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली. ओठ निळसर पडले होते. "आई, मी वाईच बसते हितंच," म्हणाली. मला स्वतःचा इतका राग आला की ते पत्र मी चुरगाळलं, पुन्हा सरळ केलं आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरली.

संस्थेच्या कार्यालयात वीसेक बायका बसल्या होत्या. त्याच ताई टेबलापाशी होत्या. मला वाटलं होतं हळूच सांगावं, पण आवाज मोठाच निघाला. "ताई, त्या खुर्च्या उसन्या व्हत्या. टीव्हीबी. नवऱ्यानं टाकलंय मला, सात वर्सं झाली."

सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"पाव्हण्यापुढं कसं सांगायचं?"

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "आता मी न कळवता येईन." आल्या त्या आठवडाभरात. काकू धावत खुर्ची घेऊन आल्या, मी ती दारातूनच परत पाठवली. ताई गोधडीवर बसल्या, नुसतं पाणी प्यायल्या. या खेपेला वहीची तीन पानं भरली.

मदत मिळाली. बलूनच्या दिवशी मी दाराबाहेर दोन तास उभी होते, बसवेचना. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "झडप छान उघडली. पण दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकवायचं नाही. ते पुन्हा ताप येऊ देत नाही, म्हणजे झडप जपली जाते." आम्ही ते एकदाही चुकवलेलं नाही. त्या ताईंचे आणि संस्थेचे उपकार मी फेडू शकत नाही, म्हणून निदान हे लिहिते आहे.

चौथ्या दिवशी घरी सोडताना सिस्टर कागद भरत होत्या. "वडील कुठं असतात?" त्यांनी विचारलं. कार्यालयात इतकं बोलून आले होते, तरी सुजातासमोर माझी जीभ पुन्हा बाहेरगावाकडे वळलीच.

माझ्या आधी सुजाता बोलली. शाळेत इयत्ता सांगावी तितक्या सहज म्हणाली, "वडील न्हाईत ऱ्हात आमच्यात. आईच हाय. म्या बालवाडीत व्हते तवापासून."

सिस्टरनी लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं.