वळसेकाकांचा प्याला

आमचे वळसेकाका कलकत्त्यात एस्प्लनेडला ट्राममधून उतरले की सरळ कधी चालत नसत. त्या रस्त्यावर विलायती दारूचं दुकान होतं. ते टाळायला काका मागच्या गल्लीत शिरत आणि घामाघूम होऊन पलीकडे निघत. तोवर आम्ही सावलीत त्यांची वाट पाहत उभे. खरं आडनाव वेगळंच; वळसे हे आम्ही पोरांनी लावलेलं. त्यांना ठाऊक होतं, राग नव्हता. "सैतानाशी कुस्ती खेळायला मी पैलवान नाही," ते म्हणत. "मला पळता येतं, तेवढं करतो."

स्पष्टच सांगतो, मला हे हास्यास्पद वाटे. मी नुकताच बी.ए. होऊन नगर जिल्ह्यातून कलकत्त्याला नोकरीवर आलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. "काका, दारू सोडून सात वर्षं झाली. माणसाला इच्छाशक्ती म्हणून काही असते," असं एकदा त्यांना ऐकवलं.

"असेल. बी.ए.ला शिकवत असतील," म्हणाले आणि गल्लीत शिरले.

खिदिरपूरच्या गोदीत ते गोदामावर कारकून होते. दारूच्या पेट्या उतरायच्या असल्या की ते आधीच साहेबाकडे जात. "मी पिणारा माणूस आहे, साहेब. मला दुसऱ्या गोदामावर पाठवा." सोडलेली असूनही 'पिणारा होतो' असं ते कधी म्हणाले नाहीत. या स्पष्टपणापायी त्यांची बढती राहिली ती राहिलीच.

आम्ही सात-आठ मराठी ख्रिस्ती कुटुंबं दर रविवारी त्यांच्या दोन खोल्यांत उपासनेला जमत असू. प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हाला मोहात पडू देऊ नको' ही ओळ आली की काकांचा आवाज सगळ्यांच्या वर जाई. काकू कोपराने ढोसत. "हळू. देव बहिरा नाही."

"देवाला नाही गं, मी मलाच ऐकवतोय."

दर तीन महिन्यांनी नागपूरहून पाळकसाहेब येत, तेव्हा प्रभुभोजन होई, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. एकच प्याला हातोहात फिरे. द्राक्षारस म्हणून त्यात भिजवलेल्या मनुका उकळून गाळलेलं पाणी असे. एकदा ते काम माझ्याकडे आलं. मनुका आणल्या, पण भिजवायचा आळस केला. शिवाय मोठ्या चर्चमध्ये खरी वाइन असते हे मी वाचलं होतं; आमचं मनुकांचं पाणी मला गावठी वाटे. सकाळी गोदीजवळच्या एका गोव्याच्या खलाशाकडून बाटली घेतली. काका आठवलेच नाहीत असं लिहायला मला आवडलं असतं. पण आठवले होते. एका घोटाने काय होतंय, असं वाटलं.

काकांनी डोळे मिटून घोट घेतला आणि खाडकन डोळे उघडले. प्रभूचा प्याला, थुंकणार कसा? गिळला. प्याला काकूंच्या हातात दिला. उपासना संपताच त्यांनी माझं मनगट धरलं. "बी.ए., चल. आज मला एकटं सोडायचं नाही."

भर उन्हात आम्ही मैदानावर चालत राहिलो. झालमुरीवाल्याला, म्हणजे तिथल्या भेळवाल्याला, त्यांनी मिरची दुप्पट घालायला लावली आणि तीन पुड्या संपवल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चव गेली?" मी विचारलं.

"नाही. चाल."

शेवटी मला राहवेना. "काका, मनुका घरात होत्या. तुम्हीही आठवला होतात. तरी मी..."

काकांनी रिकामी पुडी चुरगळून टाकली. मग म्हणाले, "आत्ता माफ केलं म्हटलं तर खोटं होईल. मला राग आलाय."

"हो."

"तुझ्या काकूनं मला किती वेळा माफ केलं, तिलाच ठाऊक. मी कसाही आलो तरी दार उघडायची, ताट वाढायची. बोलायची मात्र तिसऱ्या दिवशी. तेवढा वेळ लागतो, बाबा. घाईची माफी टिकत नाही."

ऊन उतरल्यावर मी त्यांना घरी पोहोचवलं. काकूंनी दार उघडलं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन ताटं वाढली. मी ताटाला हात न लावताच उठलो. तिसऱ्या दिवशी काका माझ्या कचेरीच्या दाराशी उभे. "जेवलास का?" एवढंच विचारलं.

मंडळीत बोभाटा झालाच होता. पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी सगळ्यांचं मत पडलं की प्याला दुसऱ्या कोणीतरी तयार करावा. माझंही तेच मत होतं. काका म्हणाले, "मनुका बी.ए.च भिजवेल."

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यानंतर मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण त्या पुढच्या प्रभुभोजनाचा रविवार मला कोणी विसरायला लावू शकलं नाही. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. आधी वास घेतील, घ्यायलाच हवा, असं मनात म्हणत होतो. काकांनी डोळे मिटले आणि वास न घेता चांगला मोठा घोट घेतला. मग प्याला माझ्यापुढे धरून हळूच म्हणाले, "घे, पोरा."