भिडूचा एक्का

व्हर्ना स्टुट्झमनबाईंनी उभा जन्म ओहायोच्या खेड्यापाड्यांतून टपाल वाटलं. मग नवरा गेला, गुडघे गेले, मुलगी ॲरिझोनात राहायला गेली आणि बाई वृद्धाश्रमात आल्या. आल्या म्हणून रडत बसल्या नाहीत. जेवणाला नावं ठेवायच्या, शनिवारी दुपारी पत्ते खेळायच्या आणि डॉक्टर होऊ बघणाऱ्या पोरांची फिरकी घ्यायच्या.

ही पोरं जवळच्या कॉलेजातली. नुसत्या मार्कांवर मेडिकलला कोण उभं करतंय? चार लोकांची सेवा केलेली दाखवावी लागते, त्यावर निबंध लिहावा लागतो. म्हणून पानगळ सुरू झाली की पोरं आश्रमात हजर. समोर बसून, मान तिरकी करून विचारायची, "आयुष्यानं तुम्हाला काय शिकवलं?"

"हात धरायचाय का?" बाई म्हणायच्या. "धर बाबा, लाजू नकोस. निबंधात हात लागतोच."

आणि मग एखादी बर्फातली गोष्ट ठोकून द्यायच्या. अर्धी खरी, अर्धी तिथल्या तिथे रचलेली. एकाला दिलेली दुसऱ्याला द्यायच्या नाहीत, एवढा धंद्यातला प्रामाणिकपणा होता. जूनमध्ये अर्ज गेले की पोरं गुल. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात ना? इथे म्हण उलटी होती, वैद्य झाला की रोगी मरो.

गॅरेट पोलमन मात्र आला तो काही विचारेचना. ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याचा मुलगा, मुलखाचा मुखदुर्बळ. त्याच आठवड्यात बाईंची भिडू हॅटी वारली होती आणि टेबलाजवळची चौथी खुर्ची रिकामी होती. युकर या त्यांच्या पत्त्यांच्या खेळाला दोन जोड्या, म्हणजे चार जण लागतात, तिघांत डाव होत नाही. उरले होते बाई, त्यांच्या खोलीतली ओपल आणि म्हातारा न्हावी लेस्टर.

"युकर येतं का रे?" बाईंनी विचारलं.

"घरी खेळायचो, मिसेस स्टुट्झमन."

"मग बस. आणि व्हर्ना म्हण. मिसेस स्टुट्झमन माझी सासू होती."

बाईंनी एक्का टाकला. तो हात त्यांचाच होता. आणि या दिवट्यानं, बाईंच्या भिडूनं, त्यावर हुकूम मारला!

"अरे मेल्या, भिडूचा एक्का मारतोस? तू डॉक्टर होऊन जित्या माणसाचं पोस्टमॉर्टेम करशील!"

गॅरेट कानापर्यंत लाल झाला. पण पुढच्या शनिवारी आला, त्याच्या पुढच्याही आला. हिवाळाभर दोघांची जोडी अशी जमली की बाईंनी पान उचलायचा अवकाश, याला पुढचं कळायचं. ओपल आणि लेस्टर हरून हरून वैतागले.

त्याचा अर्ज गेला आणि सगळीकडून नकार आले. तरी तो शनिवारी आला.

"न्हावी हो," लेस्टर म्हणाला. "माणसं आपणहून मान पुढे करतात."

"वाईट झालं," म्हणत बाईंनी पत्ते वाटले. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं होतं. पोरगा आणखी एक वर्ष राहणार! आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

ते सुख चार दिवसांचं. कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी गॅरेटला सुनावलं, "पत्ते कुटणं म्हणजे सेवा नव्हे. पुढारपण दाखव. नाहीतर शनिवारी कोलंबस शहरातल्या इस्पितळात जाऊन डॉक्टरांच्या मागेमागे फीर."

"पुढच्या शनिवारपासून नाही जमणार, व्हर्ना," तो पानांकडे बघत म्हणाला.

बाईंनी हातातली पानं मिटली. पण टपालवाली बाई ती, एक रस्ता बंद असला की दुसरा शोधणारी. "पुढारपणच हवंय ना त्यांना? मग मंडळ काढ! पत्त्यांचं. पोरं आण, म्हाताऱ्यांसमोर बसव. नाव तेवढं भारदस्त दे."

झालं. 'पिढ्यांचा पूल' असं नाव ठरलं. पानगळीपर्यंत जेवणाचा हॉल टेबलांनी भरला, प्रत्येक टेबलाला एक होतकरू डॉक्टर. गॅरेट गळ्यात बिल्ला घालून खुर्च्या मांडायचा, फोटो काढायचा, नव्यांना शिकवायचा. बसायला मात्र त्याला सवड नव्हती. बाईंना भिडू म्हणून टेसा नावाची मुलगी मिळाली. तिचं एक लक्ष पानांत, तर दुसरं घड्याळात.

एकदा कॉलेजच्या वार्तापत्राची बाई आली. गॅरेट तिला टेबलापाशी घेऊन आला आणि म्हणाला, "या मिसेस स्टुट्झमन. आमच्या पहिल्या लाभार्थी."

लेस्टरला कॉफीचा ठसका लागला.

"हो तर," बाई म्हणाल्या. "फारच लाभ झाला."

खोलीत गेल्यावर ओपलला म्हणाल्या, "अक्कल माझीच पाजळली होती. धोंडा मीच उचलला आणि माझ्याच पायावर पाडून घेतला." त्या दिवशी त्यांना हॅटीची फार आठवण आली.

वसंतात गॅरेटला मेडिकलला जागा मिळाली. तो धावत सांगायला आला. बाईंना मनापासून आनंद झाला, त्यानं आणलेल्या शेंगदाण्याच्या चॉकलेटवड्यांतल्या दोन त्यांनी तिथेच खाल्ल्या. आणि मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली.

पुढच्या शनिवारी बिल्ला दुसऱ्याच मुलाच्या गळ्यात होता. डाव रंगात असताना पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"तू कशाला आलास?" बाई मान न वळवता म्हणाल्या. "तुझं तर झालं."

"खेळायला," गॅरेट म्हणाला.

पण खुर्ची कुठे होती? त्याच्याच मंडळानं सगळ्या भरून टाकल्या होत्या. त्यानं टेसाकडे पाहिलं. टेसानं घड्याळाकडे पाहिलं.

"सॉरी, माझे आजचे सेवेचे तास भरायचेत."

"ऊठ पोरी," बाई म्हणाल्या. "तासांवर सही मी देते. दोनाचे चार लिही."

टेसा टुणकन उठली. गॅरेट बसला. पत्ते पिसले, वाटले. बाईंनी एक्का टाकला.

गॅरेटनं त्यावर हुकूम मारला.

लेस्टर छताकडे बघायला लागला. बाईंनी हातातली पानं सावकाश टेबलावर ठेवली.

"भिडूचा एक्का मारलास! वर्षभर खुर्च्या मांडल्यास आणि होतं तेवढंही विसरलास!"

"चुकलो, व्हर्ना."

"नुसतं चुकलो म्हणून भागतं? पुढच्या शनिवारी ये. पहिल्यापासून शिकवते."

"येईन. पण ऑगस्टपर्यंतच. मग कॉलेज सुरू होईल."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "पीस पत्ते."