सुमनचा गुडघा

दशक्रियेला सुमनचा मुलगा माइकवर म्हणाला, "आईला खेळाची लय आवड होती." माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. पण बोलणार कुठल्या तोंडानं? तिचं खेळणं बंद करायला लावलं त्यानं, आन् केलं मी. दौंडच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होते मी. सुमन माझा शब्द डॉक्टरपेक्षा मोठा मानायची.

न्हावरे गावची ही पोर लग्न होऊन आमच्या शेजारी आली ती कायमची. साठी उलटली, साखर वाढली, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा मीच तिला ओढत मैदानावर नेलं. तिथं आम्हा म्हाताऱ्यांचा चालत खेळायचा फुटबॉल असायचा. पळायचं नाही, पळालं की फाउल. आन् बाईसाहेब दर दोन मिनिटाला पळायच्या! "अगं बये, चाल की," मी ओरडायचे. "पाय ऐकत न्हाईत गं, गुरांमागं पळाल्यात ते," म्हणायची आन् हसत सुटायची. चार महिन्यांत साखर उतरली, जिना माझ्याआधी चढायला लागली.

मग एकदा चेंडूवर पाय पडून ती आडवी झाली. लागलं काहीच नाही, पण कुणीतरी व्हिडिओ काढला, तो तिच्या मुलाच्या कंपनीतल्या ग्रुपवर गेला आन् लोक खदाखदा हसले. तो तडक माझ्याकडं आला. "मावशी, मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई. तुमचं ऐकती ती. काय बी सांगा." शेजारधर्म, उगाच वाद नको… मी सांगितलं. तिचा गुडघा दाबून बघितल्यासारखं केलं आन् म्हणाले, "आत झीज झालीय. तीन महिने पूर्ण आराम." धडधडीत खोटं! तेवढ्यात नाद सुटेल, असं मला वाटलं. तिनं ते इतकं मनावर घेतलं की बाजारालाही जाईना, जिनाही उतरेना. साखर पुन्हा चढली, पाय सुजले. मी रोज बघत होते. खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं… नाही सांगितलं. एका सकाळी चहा ठेवता ठेवता ती गेली. हृदय, डॉक्टर म्हणाले.

परवा तिच्या स्वयंपाकघरात गेले होते. भिंतीवर कॅलेंडर तसंच. रोजच्या तारखेवर एकेक फुली, पुढं अकरा घरं मोकळी, आन् मग एका तारखेभोवती लाल गोल. ती गेली तेव्हा मी सांगितलेल्या तीन महिन्यांतले तेवढेच दिवस राहिले होते.

"मावशी," मुलगा म्हणाला, "ह्या फुल्या दुधाच्या खाड्याच्या असतील, न्हाई का?"

"व्हय रे," मी म्हणाले, "दुधाच्याच."