अक्कानं दिलेला सोमवार

२०१३ साली मी पंचावन्न वर्षांचा होतो आणि मला कुणाची गरज नव्हती. असं मी सगळ्यांना सांगायचो. नरसम्मा अक्कालाही तसंच सांगितलं होतं. गेल्या महिन्यात अक्का गेली... तिला पोटचं लेकरू न्हाई, तरी खांदा द्यायला पोरापोरींची रांग लागली. मी चौथी शिकलेला, पण हे मीच लिहिणार म्हणून बसलोय.

माझी बायको काविळीनं गेली, मागं सात वर्षांची रेणू. मी यंत्रमागावर. जाताना पोरीपुढं भाकरी-पाणी ठेवायचो आणि बाहेरून कुलूप घालायचो. शाळा बुडायची ती बुडायची. वेणी घालता येईना म्हणून तिचे केसही कात्रीनं कापून टाकले. सांगोल्याची मेहुणी ते बघून म्हणाली, “दाजी, पोरगी हाय का शेळी, कोंडायला? दिवाळीला येते. असंच दिसलं तर घेऊन जाणार.” रेणू गेली असती तर घरी परतायला कारणच उरलं नसतं.

अक्का विड्या वळायची. नवऱ्यानं टाकलेली. कुंभारीच्या आमच्या विडी कामगार वसाहतीत तिनं एक खोली मोकळी केली होती. एकट्या आया पोरं तिथं ठेवून कामाला जायच्या, आणि जिला ज्या दिवशी सुट्टी, त्या दिवशी तिनं सगळ्यांची पोरं बघायची. नियम एवढाच. एकदा ती माझ्या दारात आली. “अण्णा, पोरीला पाठवा की.”

“मला कुणाचे उपकार नको.”

“उपकार कोण करतंय? सोमवारी तुम्हाला सुट्टी, आन् माझ्याकडं माणूस न्हाई. नऊ पोरं हायती. जमत नसंल तर तसं सांगा, बाप्याचं काम न्हाई ते.”

जमत न्हाई, हे माझ्या तोंडातून निघणं शक्य नव्हतं. सोमवारी गेलो. शाळेची वेळ, चार पोरी पाठ करून पुढ्यात बसल्या. तीस वर्षं तुटले धागे सांधलेला मी, पण केसांपुढं बोटं चालेनात. एक चिमुरडी आरशात बघून म्हणाली, “काका, हे तर बैलाचं दावं झालं.” अक्का विडीची पानं कापता कापता हसली, मदतीला उठली न्हाई. “सोडा, परत घाला.” दर सोमवारी तेच. रेणू रोज तिथून शाळेला जायला लागली. संध्याकाळी आणायला गेलो की आयांबरोबर चहा व्हायचा. बायको गेल्यापासून तिचं नाव मी पहिल्यांदा त्या चहावर घेतलं...

दिवाळीला मेहुणी रिकामी पिशवी घेऊन आली, ती थेट अक्काच्या खोलीत. रेणूचे केस खांद्यापर्यंत आलेले, दोन वेण्या, लाल रिबिनी.

“कुणी घातल्या?”

“आबानं,” रेणूनं माझ्याकडं बोट दाखवलं.

मेहुणीनं एक वेणी सोडली. “घाला बघू.”

सगळ्या बाया बघत होत्या. मी फणी मागितली. सरळ भांग, तीन पेड, रिबिनीचं फूल. मेहुणीनं ओढून पाहिलं. सुटलं न्हाई. पिशवीत आमचाच फराळ भरून ती एकटी सांगोल्याला गेली. ती रेणू आज नर्सिंग शिकतेय.

मेहुणी गेली तेव्हा मला वाटलं, आता अक्का शाबासकी देईल. ती म्हणाली, “मागच्या गल्लीत एक रिक्षावाला हाय. बायको गेली, तान्ह्या लेकराला रिक्षात घेऊन फिरतोय. माझं ऐकत न्हाई तो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या गल्लीत गेलो आणि त्याची रिक्षा निघायच्या आत तिच्यापुढं आडवा उभा राहिलो.