दहाव्याचा फोटो

आमचे नाना गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता आणि माझ्या हातात मोबाईल होता. पुढचं सगळं या दोन गोष्टींमुळे झालं.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. घरची शेती होतीच, पण भोर-वेल्ह्याकडे त्यांची ओळख आचारी म्हणून. लग्न कुणाचंही असो, आमटी-भात नानांचाच. त्या दिवशी सकाळी त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला, "आज लई उकडतंय" म्हणाले आणि भिंतीला टेकले ते टेकलेच. आयुष्यभर गावाला वाढणारा माणूस जाताना कुणाकडून पेलाभर पाणीसुद्धा न घेता गेला. मला अजून त्या कपातून चहा पिववत नाही.

इतक्या लग्नांत राबलेल्या माणसाचा फोटो कसा नाही? तर मांडवात फोटोग्राफर शिरला, की नाना चुलाणाकडे सटकायचे. "भात लागंल" हे कारण ठरलेलं. आम्ही सगळ्या भाऊबंदांचे अल्बम उलथेपालथे केले. एका फोटोत नानांची पाठ सापडली. एकात कोपर. (आत्याने ते कोपर लगेच ओळखलं आणि त्याच्याकडे बघून तासभर रडली.) एकात नुसताच धूर होता, पण धुरामागे नाना आहेत असं दादांचं म्हणणं. दादा म्हणजे माझे वडील, नानांचे धाकटे भाऊ. राहता राहिलं आधार कार्ड. त्यावरचा फोटो मोठा करून बघितला, तर काळे-करडे चौकोन दिसले आणि एका चौकोनाला कान होता.

काकी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. ना रडणं, ना बोलणं. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही घरी आलो तेव्हा तिने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ह्यांचा येक फोटू लावा भिताडाला. रोज तोंड बगीन. न्हाईतर उद्याच्याला मीच इसरले तर?"

अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "काकी, तू काळजी करू नको. मी बनवतो!"

आता माझी लायकी सांगतो. मी नसरापूरजवळच्या एका छोट्या कारखान्यात ऑफिसात बसतो. फावल्या वेळात (म्हणजे कामाच्या वेळात) मोबाईलवर व्हिडिओ बघून एआयचे फोटो बनवायला शिकलो. शब्दांत वर्णन लिहायचं, त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. ते वाचून यंत्र अगदी काढल्यासारखा फोटो हातात देतं. गणेश मंडळाला मी आमच्या गावातून चाललेला हत्ती बनवून दिला होता. तेव्हापासून गाव मला एआयवाला म्हणतं आणि मी ते खरं मानतो!

पहिल्यांदा लिहिलं, "साठी उलटलेला मराठी शेतकरी, खराखुरा फोटो." आला तो भलत्याच प्रांताचा जमीनदार! मनगटाएवढ्या मिशा, लालभडक पागोटं, आणि मागे क्षितिजापर्यंत पिवळीधमक मोहरी. आमच्याकडे मोहरी फोडणीपुरती! मग माझ्या लक्षात आलं, की वर्णन नीट हवं. मी घरच्यांना गोळा केलं.

शिवऱ्याची आत्या डोळे पुसत म्हणाली, "लिव्ह, माझा भाऊ देवमाणूस हुता."

लिहिलं. नानांच्या डोक्यामागे प्रभावळ आली.

"डोळ्यांत लई माया हुती रं."

लिहिलं. डोळ्यांत एवढं पाणी आलं, की मोटार लावली असती तर एक वाफा भिजला असता.

"साधा हुता बिचारा."

लिहिलं. अंगावर चिंध्या आणि हात पुढे पसरलेला. आत्या कडाडली, "मुडद्या, आमच्या नानानं कुणाम्होरं हात पसरला न्हाई कंदी!"

शिवाय प्रत्येक फोटोत नाना हसत होते. नाना हसायचे नाहीत, म्हणून मी ठळक लिहिलं, "हसू नको." तर थेट बत्तीशी! या यंत्राला 'नको' समजत नाही, नुसतं 'हसू' तेवढं समजतं. आमच्या घरात पोरांचंही हेच आहे.

मग मला व्हिडिओतला मुख्य मंत्र आठवला. गुण लिहायचे नाहीत. डोळ्याला दिसतं ते लिहायचं. उजेड कुठून येतो, कातडीवर काय आहे, कपडा कसा चुरगळलाय. आणि एखादी खोट जरूर लिहायची, कारण खोट असल्याशिवाय माणूस खरा वाटत नाही. मी मास्तरासारखा उभा राहून म्हणालो, "नाना कसे होते ते नको. दिसायचे कसे ते सांगा."

मी मिशीपासून सुरुवात केली.

"मिशी होती का?"

"हुती," दादा म्हणाले.

"न्हवती," आत्या म्हणाली.

"अर्धी हुती," आई म्हणाली, आणि दोघांनी तिला वेड्यात काढलं.

"बरं, चेहरा कसा होता?"

दादांनी बराच विचार केला. "भावावानी," ते म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले. मला हसू आलं आणि लगेच थांबलं, कारण मलाही काही आठवत नव्हतं. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली, त्याच्या चेहऱ्याऐवजी मला त्याची टोपी तेवढी आठवत होती, वरून बघितलेली.

काकीला मात्र कुणी विचारलं नाही. दुःखातल्या बाईला काय त्रास द्यायचा, असं सगळ्यांचं मत पडलं आणि त्यात मी पुढे होतो.

शेवटी घराण्याचा ऐवज गोळा केला. आजोबांचं धारदार नाक, बाहेर आलेले कान, दाट भुवया, हनुवटीवर खळी. डावीकडून सकाळचं ऊन, पांढरी टोपी, चुरगळलेला सदरा. आत्या म्हणाली चामखीळ होती, पण कुठं ते तिला सांगता येईना. मी ती नाकाच्या डाव्या बाजूला बसवून टाकली. खरेपणासाठी! आणि काय सांगू, जो फोटो आला तो बघून माझ्याच अंगावर काटा आला. जिवंत माणूस! आता बोलेल असा!

खात्री करून घेतली. दादांनी चष्म्याशिवाय मोबाईल हातभर लांब धरून सांगितलं, "व्हय, नानाच." आत्याने डोळ्यांत पाणी असताना बघितलं आणि हंबरडा फोडला. आई म्हणाली, "मिशी पुरी हाय." तिच्याकडे कोण लक्ष देतो? नसरापूरला फ्लेक्स छापला. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली नानांचं नाव, त्याखाली शोकाकुल म्हणून आमची सगळी भावकी, आणि सौजन्य म्हणून 'सुनील' हे माझं नाव जरा मोठ्या अक्षरात. दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी फ्लेक्स फाट्यावर लागला आणि त्याच फोटोची चौकट करून आणली. ती कापडात गुंडाळून ठेवली. म्हटलं, काकीला नदीवरच दाखवू.

दहाव्याला सगळे गुंजवणीच्या काठी जमलो. पिंड मांडला, शेजारी नानांच्या आवडीची आमटी ठेवली आणि मागे चौकट उभी केली. काकीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. मला वाटलं, दुःख आवरत नसेल.

कावळा काही येईना. म्हणजे कावळे होते, समोरच्या करंजावर रांगेने बसून बघत होते, पण खाली उतरायला तयार नाहीत. गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय, असं आमच्याकडे मानतात. मग एकेक जण पुढे होऊन नानांना शब्द देऊ लागला.

दादा म्हणाले, "नाना, वयनीला काय कमी पडू देनार न्हाई." कावळे ढिम्म.

आत्या म्हणाली, "तुजी भांडी कुनाला इकू देनार न्हाई." ढिम्म.

मी म्हणालो, "नाना, तुमचा फोटो घरात भिंतीला लावू." एक कावळा उडून लांबच्या झाडावर जाऊन बसला.

ऊन चढलं. म्हातारी माणसं डोक्यावर उपरणी घेऊन दगडावर टेकली. आता दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववायचा का, अशी कुजबुज सुरू झाली. काकीचा चेहरा बघवेना. हे समाधान न होताच जाताहेत, एवढंच ती पुटपुटत होती. तेवढ्यात वरच्या रस्त्यावर एक रिक्षा करकचून थांबली आणि चौकटीतला माणूस खाली उतरला!

तेच नाक. तेच कान. तीच खळी. नाकाच्या डाव्या बाजूला चामखीळ! आत्याने चौकटीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं आणि माझ्या अंगावर कोसळली. भटजींनी चप्पल सोडून पळायची तयारी केली.

"कुनी मारलं रं मला?" तो माणूस ओरडला. "आँ? फाट्यावर टांगलंय मला! लेक रडत फोन करती, व्याही पांढरं कापड घिऊन दारात हुबा! बायकू जवळ हुती म्हनून बरं, न्हाईतर कुकू पुसून बसली आसती!"

दादांनी खिशातून चष्मा काढला. चार दिवस आधी काढला असता तर बरं झालं असतं! "आरं देवा," ते म्हणाले, "ह्यो तर बापू!"

बापू म्हणजे नानांचे सख्खे चुलत भाऊ, वरवे बुद्रुकचे. घराण्याचं नाक, कान, भुवया त्यांनाही मिळालेल्या. चामखीळ मात्र मी अंदाजाने बसवलेली, तीही नेमकी त्यांचीच निघाली. मी त्यांना लहानपणानंतर बघितलेलं नव्हतं, कारण त्यांचं आणि नानांचं बोलणं बंद होतं. एका लग्नात भर पंगतीत बापू "आमटी खारट झालीया" म्हणाले होते. नानांनी पळी खाली ठेवली आणि परत त्यांचं नाव घेतलं नाही. बापू मयतीलाही आले नव्हते.

"फ्लेक्सवर नाव होतं की हो खाली," मी हळूच म्हणालो.

"नाव कोन वाचतंय भाड्या? लोकं तोंड बगत्यात!"

ते माझ्या अंगावर धावून येणार एवढ्यात काकी उठून मध्ये उभी राहिली. "बापूभावजी," ती म्हणाली, "तुमी जित्तं हायसा न्हवं? मग ऐका. त्यांचं तुमच्यापाशी आडलंय. रोज जेवताना आमटीची वाटी घेतली, की म्हनायचे, 'बग गं, खारट हाय का?' रोज! बोला आता."

बापू पिंडासमोर उकिडवे बसले. समोर चौकटीत त्यांचाच चेहरा, त्यावर हार घातलेला. खालमानेने माती टोकरू लागले.

"नाना," ते म्हणाले, "खारट न्हवती रं. म्या पिऊन आलतो त्या दिशी. तोंडालाच चव न्हवती. लई डाव वाटलं यावं, सांगावं. न्हाई जमलं." आणि तो एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा हमसून रडला.

करंजावरचा एक कावळा उतरला. आधी चौकटीवर बसला, बापूंच्या फोटोला एक टोच मारली, मग आमटीत चोच बुडवली आणि शेवटी पिंडाला शिवला. सगळ्यांनी हात जोडले. मी मात्र कावळ्याकडे बघत होतो. इतक्या जणांत फोटो खोटा आहे हे ओळखणारे दोघेच, काकी आणि तो.

घरी आल्यावर मी काकीपुढे मोबाईल घेऊन बसलो आणि जे पहिल्या दिवशी विचारायचं ते विचारलं. ती लगेच सांगायला लागली, जणू वाटच बघत होती. "मिशी येका अंगानं जळल्याली, चुलानाच्या जाळानं. नवी येस्तवर दुसरं लगीन यायचं. डावा डोळा बारीक, धुरामुळं. टोपी मागं सरकल्याली. मीठ बगताना तळव्यावर आमटी घ्यायचे आन् हनुवटी वर करायचे." आई शेजारून म्हणाली, "सांगितलं हुतं म्या, अर्धी."

तिने सांगितलं तसं मी लिहिलं, एक शब्द पदरचा न घालता. मोठं चुलाण, त्यावर वाकलेला माणूस, आणि चेहऱ्यावर धूर. काकीने मोबाईल दोन्ही हातांत धरून खूप वेळ बघितला.

"हे न्हाईत," ती म्हणाली. माझा जीव गेला. मग तिने पडद्यावरून अंगठा फिरवला. "पर धूर त्यांचाच हाय. ऱ्हाऊ दे. ह्येच्या मागं हायेत म्हनून बगीन मी."

तोच फोटो भिंतीवर लावला आहे. ती रोज सकाळी त्यापुढे चहाचा कप ठेवते. फाट्यावरचा फ्लेक्स बापूंनी मागून नेला आणि वैरणीवर टाकला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने सांगतात, की मेल्यावर माणूस एवढा उपयोगी पडतो!

आणि माझी आई? तेराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी ती नवं लुगडं नेसून, मला न सांगता, नसरापूरला जाऊन फोटो काढून आली. चांगला मोठा, चौकटीसकट. मी कौतुकाने तो उलटा करून बघितला, तर मागे फोटोवाल्याकडून ठळक अक्षरांत लिहून आणलं होतं, "ही मीच आहे. सुनीलला हात लावू देऊ नये."